पांढऱ्यावर काळे

लेखक मंडळी पांढऱ्यावर काळे करतात आणि त्याचे मानधन घेतात. मीही परवापरवापर्यंत, तब्बल अडीच वर्षे, दर तिसऱ्या रविवारी सकाळी पांढऱ्यावर काळे करीत होतो. पण त्याचे पैसे मलाच मोजावे लागत. एवढा फरक सोडला तर दोन्ही धंद्यांत पुष्कळ साम्य आहे. दोन्हींत हात माखतात, दोन्हींत घरची माणसे 'आता पुरे' म्हणतात, आणि जे झाकायचे म्हणून एवढा खटाटोप केला तेच लोकांना आधी दिसते.

होय, मी कलप लावत होतो. वय सत्तेचाळीस, शिक्षण बी.कॉम. (द्वितीय श्रेणी), हुद्दा बँकेत कारकून. मध्यंतरी आम्हाला सिंगल विंडो ऑपरेटर म्हणत. खिडकी एक आणि बोलणी सगळ्या खात्यांची, असा त्याचा अर्थ. अशा माणसाने काळा काय आणि पांढरा काय, जगाला काय फरक पडतो, असे मला वाटत होते. पण पहिल्या सोमवारी मी खिडकीत बसलो आणि हेडकॅशियर चष्मा वर करून म्हणाले, "काय, लग्नकार्य काढलंत वाटतं?" मॅनेजरसाहेबांना वाटले मी प्रमोशनच्या परीक्षेला बसतो आहे. दुपारी चहा आणणारा मुलगा मात्र मनापासून म्हणाला, "साहेब, आज ताजेतवाने दिसता." त्याच्या कपात मी त्या दिवशी एक रुपया जास्त टाकला. स्तुतीचा दर अजून तेवढाच आहे.

हे सगळे सहन केले. पण आमच्याच बिल्डिंगीत दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात, त्यांनी जिन्यात गाठून जो प्रश्न विचारला तो मात्र डोक्यात रुतून बसला. रंगापेक्षाही खोल गेला म्हणा. ते म्हणाले, "मी तुम्हाला नावं ठेवत नाही. फक्त विचारतो. कलप लावणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे काय? तोंडानं नाही, डोक्यानं." त्यांचे स्वतःचे डोके तांब्याच्या घागरीसारखे लखलखीत असल्यामुळे त्यांचा प्रश्न निव्वळ तात्त्विक होता. त्यात हितसंबंध गुंतलेले नव्हते.

आता खोटेपणाचा हिशेब तपासायचा म्हटले की माझ्यातला कॉमर्स ग्रॅज्युएट जागा होतो. कंपन्यांच्या ताळेबंदाखाली ऑडिटर एक दाखला देतात, की हा ताळेबंद 'ट्रू अँड फेअर' म्हणजे खरे आणि वाजवी चित्र दाखवतो. कॉलेजात आमचे प्राध्यापक विचारायचे, हे दोन शब्द कशाला? खरे असले की वाजवी असणारच ना? मग स्वतःच उत्तर द्यायचे, नाही! आकडा न् आकडा खरा असूनही एकूण चित्र फसवे असू शकते. त्यांचे उदाहरण विंडो ड्रेसिंगचे असे. एकतीस मार्चला बड्या गिऱ्हाइकाला गळ घालायची, एका रात्रीसाठी मोठी ठेव आणायची, ताळेबंद गुबगुबीत करायचा आणि एप्रिल उजाडताच ती परत द्यायची. त्या रात्री पैसे खरोखर असतात. आकडा खरा, चित्र लबाड. मला वाटले, कलप म्हणजे माझा एकतीस मार्च. फक्त तो वर्षातून सतरा वेळा येतो, कारण केस महिन्याला साधारण सेंटीमीटरभर वाढतो आणि तीन आठवड्यांत भांगाच्या दोन्ही बाजूंना खरा ताळेबंद डोके वर काढतो.

पण मुख्याध्यापकांपुढे इतक्यात हार मानायची माझी तयारी नव्हती. मी म्हटले, "मग सर, कवळी हे खोटं का? शर्टाला इस्त्री करतो ते खोटं का? आपली बिल्डिंग चाळीस वर्षांची आहे आणि गेल्या दिवाळीत आपण तिला पिस्ता रंग दिला, तेव्हा ठरावावर तुमचीच सही आहे." ते म्हणाले, "बिल्डिंग स्वतःबद्दल काही सांगत नसते." यावर मला काही सुचले नाही. जिना चढताना सुचले, पण तोवर त्यांचे दार लागले होते.

सुचले ते असे. खोटे कशाला म्हणायचे, हे त्यामुळे कुणाचे नुकसान झाले यावर ठरवावे. बँकेत आम्ही फ्रॉडची चौकशी करतो तेव्हा पहिला प्रश्न 'रक्कम किती' हाच असतो. कांदेपोह्याच्या कार्यक्रमाला पन्नाशीच्या गृहस्थाने कलप लावून जाऊन पस्तिशी सांगितली तर तो फ्रॉड. महत्त्वाची माहिती दडवली. पण माझे लग्न होऊन एकवीस वर्षे झाली आहेत. सौभाग्यवतीला माझा सगळा ताळेबंद ठाऊक आहे, आकस्मिक देण्यांसकट. कलप लावून मी तिला काय फसवणार? उलट ब्रश तीच धरायची, कारण मागच्या बाजूचे मला दिसत नसे. गुन्ह्यात साथीदार असलेल्याला फिर्यादी होता येत नाही.

शिवाय काळ्या केसांनी माणूस खरा ठरतो, असेही मी एकदा पाहिले आहे. नोव्हेंबरात पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला द्यायला येतात. २०१४ पासून हा दाखला अंगठा लावून डिजिटल देता येतो. पण पुष्कळ आजोबा अजून समक्षच येतात, कारण आपण जिवंत आहोत हे यंत्राला सांगण्यात काही मजा नाही. एकदा एक गृहस्थ आले. पासबुकावरच्या फोटोत कापसासारखे पांढरे केस आणि समोर बुटाच्या पॉलिशसारखे काळेभोर डोके! मी फोटो पाहतो, त्यांना पाहतो, पुन्हा फोटो पाहतो. ते वैतागून म्हणाले, "अहो, मेलेला माणूस कशाला कलप लावील?" एवढा बिनतोड हयातीचा पुरावा माझ्या नोकरीत दुसऱ्या कुणी दिलेला नाही. मी मुकाट्याने सही केली.

कलप ही चीज काय आहे, केस ही तरी काय आहे, याचा अभ्यास मात्र मी आधी केला नव्हता. तो माझ्यासाठी माझ्या मुलीने केला. ती बारावी सायन्सला होती आणि बाटल्यांच्या पाठीवरचे बारीक अक्षर वाचणे हा तिचा छंद आहे. मी बाटली घेताना किंमत वाचतो, ही बाटलीची जन्मकुंडली वाचते.

तिने पहिला धक्का दिला तो हा की आपण ज्याला विंचरतो तो केस मेलेला असतो. जिवंत काय ते कातडीखालचे मूळ. वर दिसतो तो केराटिन नावाच्या प्रथिनाचा धागा. म्हणजे ज्याला आयुष्यभर जपले ते सगळे निष्क्रिय खाते! मग बाटलीवर 'केसांना पोषण' कसे लिहितात? ती म्हणाली, "बाबा, मेलेल्याला जेवू घालता येत नाही. शाम्पूचं काम धुणं. केसाला वरून गुळगुळीत करता येतं, तुटण्यापासून थोडं वाचवता येतं, बस्स. पोषण पोटातून." दुसरा धक्का, शाम्पू निवडायचा तो केसाकडे बघून नव्हे, टाळूकडे बघून. टाळू तेलकट असेल तर तेलकटाचा, कोरडी असेल तर सौम्य. टोके कोरडी पडत असतील तर कंडिशनर, आणि तोही टोकांना, टाळूवर थापायचा नाही. आमच्या घरी किराण्याच्या यादीत 'शाम्पू, मोठा, १' असे लिहिले जाई आणि तीन डोकी त्या एकाच बाटलीखाली जात. माझे केस सरळ, हिचे कुरळे, मुलीचे मधलेच काहीतरी. केस सरळ की कुरळा हे तो ज्या नळीतून उगवतो तिच्या आकारावर ठरते. गोल नळीतून सरळ येतो, चपट्या नळीतून वळत येतो. हे कुठल्याही बाटलीने बदलत नाही, हे कळल्यावर हिने तीन बाटल्या कपाटातून काढून कामवाल्या मावशींना दिल्या. त्यांच्याही नळ्या बदलल्या नसाव्यात.

जाता जाता सांगतो, शाम्पू हा शब्द इंग्रजांनी आपल्याकडूनच उचलला. चांपणे, चंपी, त्यातला. पाटण्याच्या शेख दीन महंमद नावाच्या गृहस्थाने १८१४ च्या सुमारास इंग्लंडात ब्रायटनला वाफेच्या स्नानाचे आणि मालिशचे दुकान थाटले आणि पुढे खुद्द राजाचा 'शाम्पू सर्जन' म्हणून नाव कमावले. आपण चंपी निर्यात केली आणि बाटली आयात केली. आयात-निर्यातीच्या बाबतीत आपले हे असेच चालते.

मी स्वतः एक संशोधन केले ते केस गळण्याविषयी. एका रविवारी नोटा मोजायचा ओला स्पंज शेजारी घेऊन मी उशी, कंगवा आणि मोरीची जाळी यांवरचे सगळे केस मोजले. त्र्याऐंशी भरले. माझे हातपाय गार पडले. मुलीने शांतपणे सांगितले की डोक्यावर साधारण लाखभर केस असतात आणि रोज पन्नास ते शंभर गळणे हे रीतीला धरूनच आहे. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षे वाढतो, मग तीनेक महिने विश्रांती घेतो आणि गळतो. त्याच मुळातून नवा येतो. म्हणजे मुदत ठेव! मुदत भरली की खाते बंद आणि लगेच नूतनीकरण. फक्त नूतनीकरणाच्या वेळी रंगाचा दर तोच मिळेल याची हमी नाही. मुळाशी रंग बनवणाऱ्या पेशी थकल्या की पुढचा धागा पांढरा येतो. उगवून बाहेर आलेला काळा केस आपणहून पांढरा होत नाही. मुळातून पांढराच येतो. हे केव्हा व्हायचे ते बरेचसे घराण्यावर असते. 'मी काही उन्हात केस पांढरे केलेले नाहीत' म्हणणाऱ्यांनी ही नोंद घ्यावी. ते वडिलांनी पांढरे केलेले असतात.

माझे खरोखरच वडिलांनी केले होते. आणि आता, मुख्याध्यापकांना जे सांगितले नाही ते सांगतो.

वडील वाईजवळच्या एका गावात प्राथमिक शिक्षक होते. पंचेचाळिशीतच त्यांचे डोके कापसासारखे झाले होते. एक्कावन्नाव्या वर्षी ते गेले. मी तेव्हा नुकताच बी.कॉम. झालो होतो आणि दिसेल त्या बँकेला अर्ज करीत होतो. त्यांच्यानंतर आठ महिन्यांनी मला नोकरीची ऑर्डर आली.

आई माझ्याकडेच असते. आता शहात्तर वर्षांची आहे. तिला विस्मरणाचा आजार जडला आहे. गॅलरीजवळच्या कॉटवर बसून ती जपाची माळ ओढते आणि मधूनच चाळीस वर्षे मागे जाऊन भाजी निवडून परत येते. मी चव्वेचाळीस वर्षांचा होतो, डोके जवळजवळ पांढरे झाले होते, तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी बँकेतून आलो तर आईने चटकन पदर सावरला आणि म्हणाली, "अहो, आज उशीर केलात? शाळा तपासायला साहेब आले होते का?"

मी हसलो. ही हसली. आईही हसली. पंधरा दिवसांनी तेच पुन्हा झाले. तिसऱ्या वेळी तिने विचारले, "बाळू कुठाय? अंधार पडला तरी पोरगा आला नाही." मी तिच्याजवळ बसून म्हटले, "आई, अगं मीच बाळू."

आई घाबरली. समोर बसलेला नवरा स्वतःला आपला मुलगा म्हणवू लागला तर कुठलीही बाई घाबरेल. ती रात्रभर दाराकडे बघत बाळूची वाट पाहत बसली. बाळू आतल्या खोलीत आढ्याकडे बघत पडला होता.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. मी कलप आणला. मुलीने बॉक्सवरची बारीक अक्षरे मोठ्याने वाचून दाखवली. आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून अठ्ठेचाळीस तास थांबा. भुवयांना, पापण्यांना लावू नका, अंधत्व येऊ शकते. मी हौसेने भुवयांवरही एक हात फिरवणार होतो, तो बेत तिथेच रद्द केला. अठ्ठेचाळीस तास थांबलो. कानामागे काही झाले नाही. सोमवारी, बँकेत जाण्याआधी, हिने ब्रश धरला. न्हाऊन बाहेर आलो आणि आईपुढे उभा राहिलो. तिने दोन बोटांत माझे केस धरून चाचपले.

"बाळू, राठ झालेत रे केस. डोक्याला तेल लावत नाहीस."

लहानपणी शनिवारी रात्री ती वाटीत खोबरेल तेल कोमट करून माझ्या डोक्यावर थापायची आणि रविवारी शिकेकाईने डोळे लाल करायची. तेलाने केस काळे होत नाहीत की नवे उगवत नाहीत, हे मला मुलीने सांगितले आहे. पण खोबरेल तेल केसात थोडे मुरते आणि धुताना होणारी झीज कमी करते, असे प्रयोगांत दिसले आहे, हेही तिनेच सांगितले. आईचे निम्मे खरे होते. निम्मे खरे म्हणजे जाहिरातींच्या मानाने पुष्कळच झाले.

तर मुख्याध्यापकांच्या प्रश्नाचा हा असा घोळ होता. पांढऱ्या केसांचा मी खरा; पण त्या खऱ्या केसांनी आईला साफ खोटी माहिती मिळत होती. काळा रंग खोटा. आणि तो लावला की तिला समोर मुलगा दिसत होता, जो खरोखरच तिचा मुलगा होता. आमचे प्राध्यापक आज हयात असते तर मी त्यांना विचारले असते, सर, यातले ट्रू कुठले आणि फेअर कुठले? बँकेत याला कुठला व्हाउचर लावायचा?

अडीच वर्षे हिशेब जुळत राहिला. मग एका सोमवारी पहाटे मी आरशात पाहिले तर आरशात मी नव्हतोच. कपाळ सुजून पुढे आले होते, डोळ्यांच्या जागी दोन बटाटेवडे होते आणि कानामागून पाणी वाहत होते. माझी ओळख बँकेलाच काय, मलाही पटेना. हिने रिक्षात घातले. त्वचेच्या डॉक्टरांनी एक नजर टाकून विचारले, "कलप?"

मी दोन्ही वड्यांनी होकार दिला.

त्यांनी औषध दिले आणि सूज उतरल्यावर समजावून सांगितले. बहुतेक पक्क्या काळ्या कलपांत पीपीडी नावाचे एक रसायन असते. पूर्ण नाव पॅरा-फेनिलीनडायअमाईन. केसांसाठी त्याचा वापर शंभर वर्षांहून जुना आहे. पॅरिसमध्ये युजेन श्युलर नावाच्या रसायनतज्ज्ञाने १९०७ मध्ये केसांचे असे रंग बनवून न्हाव्यांना विकायला सुरुवात केली होती. हे रसायन आधी रंगहीन, बारीक. दुसऱ्या बाटलीतल्या पेरॉक्साइडशी ते केसाच्या आत मिसळले की त्याचे मोठे, काळे कण बनतात आणि आतच अडकून पडतात, म्हणून रंग धुऊन जात नाही. बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही. पण काहींच्या शरीराला ते एक दिवस परके वाटू लागते, आणि एकदा वाटले की जन्मभर वाटते.

मी म्हटले, "पण डॉक्टर, मी कानामागे लावून पाहिलं होतं. अठ्ठेचाळीस तास."

"केव्हा?"

"अडीच वर्षांपूर्वी."

डॉक्टर हसले. म्हणाले, "तुम्ही बँकेत आहात ना? जुनं गिऱ्हाईक आहे म्हणून चेकवरची सही ताडून बघायची सोडता का? ती चाचणी प्रत्येक वेळी करायची असते."

इतक्या वर्षांच्या नोकरीत मला कुठल्या ऑफिसरने एवढे नेमके खडसावले नव्हते.

पुढे विचारले, बाजारात 'अमोनियामुक्त' मिळतो, तो चालेल का? ते म्हणाले, अमोनिया नाही म्हणजे पीपीडी नाही असे नव्हे. ती दोन वेगळी खाती आहेत. 'हर्बल' लिहिलेला? मागची बाजू वाचा. काळी मेंदी? मेंदी कधी काळी नसते, नारिंगी-तांबडीच असते. झटपट काळी रंगवणारी मेंदी मिळाली तर तिच्यात बहुधा तेच पीपीडी घातलेले असते. तुम्हाला मात्र आता कुठलाच पक्का काळा कलप नको. कुठे भूल द्यायची वेळ आली तर त्या डॉक्टरांनाही ही अॅलर्जी सांगा, काही औषधांशी तिचे नाते असते.

राहता राहिली साधी मेंदी. एका रविवारी हिने शुद्ध पाल्याची पूड भिजवून माझ्या डोक्यावर लिंपली. चार तासांनी धुतली. काळे केस काळेच राहिले, मुळाशी उगवलेले पांढरे सगळे गाजराच्या किसासारखे झाले. तसाच आईपुढे गेलो. तिने मला नीट न्याहाळले, पदर सारखा केला आणि हिला हाक मारून हळूच म्हणाली, "सुनबाई, हे कोण आलेत गं? चहा विचार त्यांना."

मी पाहुण्यासारखा कडेला टेकून चहा प्यालो. आईने माझे गाव कुठले म्हणून चौकशी केली. वाईजवळचे, असे सांगितल्यावर तिला फार आनंद झाला.

तेव्हा काळा असलो की मुलगा, पांढरा असलो की नवरा, तांबडा असलो की परगावचा पाहुणा, असे हे त्रांगडे होते. मेंदी सोडून दिली. न्हाव्याने बारीक कापत कापत तीन-चार महिन्यांत सगळा रंग उतरवला. मधल्या काळात डोके दुरंगी होते, टोकाला काळे आणि मुळाशी पांढरे, आणि आई सकाळी मला अरे-तुरे करायची, संध्याकाळी अहो-जाहो. मुख्याध्यापक जिन्यात भेटले. माझ्या पांढऱ्या डोक्याकडे बघून त्यांनी हात जोडले. म्हणाले, "अखेर सत्याचा विजय झाला." मी म्हटले, "हो सर," आणि दुधाची पिशवी घेऊन वर आलो. बिल्डिंगीबद्दलचे माझे उत्तर तेव्हाही तयार होते, पण दूध नासले असते.

डॉक्टरांनी, म्हणजे आईच्या डॉक्टरांनी, आधीच सांगून ठेवले आहे की तिच्याशी वाद घालू नका; ती जिथे असेल तिथे तिच्याजवळ जाऊन बसा. ऐकायला सोपे आहे. पण वडिलांच्या नावाने बोलायचे म्हणजे दुसऱ्याच्या खात्यावर सही करायची. डोक्याला रंग लावताना निदान तोंड बंद होते. आता तोंडानेच बोलायचे. ही नोंद नक्की कुठल्या खात्याला टाकायची ते मला अजून कळलेले नाही. जी जमा कुठे बसत नाही ती आम्ही बँकेत सस्पेन्स खात्याला टाकतो आणि वर्षअखेरीला बघू म्हणतो. तशी टाकून ठेवली आहे.

गेल्या गुरुवारची गोष्ट. बँकेतून आलो, चपला काढल्या. आई कॉटवर बसली होती. मला पाहून तिने माळ बाजूला ठेवली. चेहरा उजळला होता.

"अहो, ऐकलंत का? बाळूची ऑर्डर आली. बँकेत लागला."

मी उभाच राहिलो.

"तुम्ही कुठे होतात?" ती म्हणाली. "कागद आला तेव्हा तुम्ही नव्हतात. मी देवापुढे साखर ठेवली, शेजारी वाटली. सगळे आले. तुम्हीच नव्हतात."

ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली. मी कॉटच्या कडेला बसलो.

"परगावी गेलो होतो," मी म्हणालो. "राहून गेलं. चांगलं झालं. पोरगा हुशार आहे."

"हुशार कसला!" आई म्हणाली. "सेकंड क्लास तर मिळाला. पण गुणाचा आहे." मग माझ्या डोक्याकडे लक्ष गेले तसा तिने हात पुढे करून केस दोन बोटांत चाचपले. "आणि त्याला जरा तुम्हीच सांगा. माझं ऐकत नाही. डोक्याला तेल लावत जा म्हणावं."

"सांगतो," मी म्हणालो.